सुकतंय का बघ

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर चौदा.
सव्वाआठला आग विझली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल खिशात घातले,
पलीकडच्या टपरीवाल्यानं भडंगाची पुडी पुढं केली.
मगदूम म्हणाले, पुडी गाडीत ठेव, ऐवळे.
आता सगळ्यांना मागं न्यायचं. दोनशे मीटर.
मी म्हटलं, विझली की साहेब.
त्यांनी बॅटरीचा झोत कोपऱ्यात टाकला.

ॲसिटिलीनची टाकी.
मरून रंग एका अंगानं फुगून पापुद्रे सुटलेले,
बाकी काही नाही.
धूर नाही, आवाज नाही.

घरच्या गॅसची बरी, ते म्हणाले,
ती तोंडाशी पेटते.
बंद करता येत नसेल तर जळू द्यायची,
ज्योत विझवायची नाही, अंगावर पाणी धरायचं.
चिडलीय ते दिसतं तरी.
हिच्या पोटात भुसभुशीत दगड असतोय,
त्यात गॅस मुरलेला.
एकदा पोळली की आतल्या आत तुटत जाते,
हवा लागत नाही, काडी लागत नाही,
आणि कधी, ते सांगत नाही.

हौदाची काँक्रीटची भिंत होती.
तिच्या आडून नोझल लोखंडी घोडीला बांधलं,
फवारा लांबून टाकीवर बसवला
आणि मागं सरकलो.
हलवायची नाही. उचलायची नाही.
गडगडवायची तर नाहीच.
शेजारच्या कारखान्याची रात्रपाळी रस्त्यावर उभी,
डबे उघडून जेवत.
टँकर फिरत राहिले.
पावसाळ्यात न विचारता घरात शिरते ती कृष्णा
आज आम्ही खेपा मोजून आणत होतो.

शेड दस्तगीर शिकलगारांचं.
तासगावकडच्या द्राक्षबागांचे अँगल जोडून द्यायचे,
तीस वर्षं.
अकराला ते दोरीखालून वाकून आले.
टाकी भाड्याची आहे, म्हणाले, डिपॉझिट भरलंय,
तेवढी तरी ओढून काढतो.
मी ओरडणारच होतो.
मगदूमांनी त्यांचा दंड धरला,
दोरीपलीकडं नेऊन कठड्यावर बसवलं, चहा दिला,
काही विचारलं नाही.
मला म्हणाले, यांच्याजवळ बस. जास्त बोलू नगंस.

बसलो.
त्यांच्या मनगटांवर ठिणग्यांचे जुने पांढरे ठिपके,
मोहरीएवढे.
चहावर साय धरली.

दर तासानं मगदूम हाक मारायचे.
पाणी थांबवायचं, भिंतीआडून दुर्बीण लावायची.
सुकतंय का बघ.
बाराला वाफ आली.
एकला वाफ नव्हती, पण खांद्याजवळ तळहाताएवढा डाग
बाकीच्या आधी सुकला.
पाणी चालू.
दोनला तोच डाग, लहान.
पाणी चालू.
तीनला मी म्हटलं, झालं.
परत बघ, म्हणाले.
होता. रुपयाएवढा.

साडेतीनला शिकलगार आपणहून बोलायला लागले,
मधूनच, कुठलं तरी.
पोरगं पुण्याला असतं, त्याला अजून कळवलं नाही.
वडिलांनी पहिली गन दिली तेव्हा चष्मा एकच होता, दोघांत.
मग डोळे पुसले, थोडेसेच.
मी पाण्याची बाटली धरून बसलो होतो,
झाकण काढायचं राहिलं.

पाचला पाणी थांबवलं.
पाच मिनिटं.
दहा.
टाकीवर सगळीकडं सारखी ओल,
तांबडं फुटायच्या आधीच्या उजेडात चमकत,
कुठला थेंब निघायची घाई करत नव्हता.
आता हात लावू का, शिकलगारांनी विचारलं.
अजून नको, मगदूम म्हणाले. अजून बघू की.
आणि माझ्याकडं वळून,
ती पुडी आण.

भडंग सादळलं होतं.
तिघांनी खाल्लं.