वरची रांग

पहिली वीस मिनिटं मोवर शहाण्यासारखं चालतं.
खालच्या दोन रांगा, सगळे टोर्गरसन आणि एंगेब्रेटसन,
ज्यांनी हे लाकडी चर्च उभारलं
आणि सपाट जागा स्वतःसाठी ठेवली.
मग तेल तापतं.
चढाला लागलं की इंजिन ओरडत राहतं
आणि चाकं ऐकेनाशी होतात.
पॅडल पार तळाला,
आणि मी, एकाहत्तर वर्षांची आर्लिस,
बसल्या जागी मागे घरंगळत
थेट गुनार टोर्गरसनच्या दगडापर्यंत.

जूनपासून वरच्या रांगेत गवत गुडघ्याला आलंय.

डीलर म्हणाला, ट्रान्समिशन गेलं, नवं बसवा,
अकराशे डॉलर.
म्हणाला, हे उघडायचं नसतंच,
कारखान्यात भरलेलं तेल आयुष्यभर पुरतं.
कुणाचं आयुष्य, ते त्यानं सांगितलं नाही.
चर्चच्या खात्यात दोनशे बारा आहेत,
त्यातले साठ कॉफीचे.

म्हणून फेंगला फोन केला.
माझ्या शाळेच्या बसमध्ये चौथ्या सीटवर
बूट वर घेऊन बसायचा, रोज बोलणी खायचा.
आता चीजच्या कारखान्यात रात्रपाळी करतो,
आणि पान्यांची पेटी डिकीत घेऊन फिरतो.
आला तेव्हा डोळे लाल होते. बूट मात्र
दाराबाहेर काढून ठेवले, गॅरेजच्या.

मागची चाकं काढली, पट्टा उतरवला.
चार बोल्ट. तीन निघाले.
चौथ्यासाठी फेंगनं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं,
मी नॉर्वेजियनमध्ये माझ्या आजोबांचं एक वाक्य म्हटलं,
आणि तो निघाला.
मग ते धूड आमच्या दोघांच्या हातांत,
नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं जड, निसरडं.
पंख्याची तीन पाती तुटलेली.
तेल काढायला खाली भोकच नाही.
उलटं करून टेकवलं दुधाच्या जुन्या कॅनवर.

तेलाला थोडा तरी आब हवा, सावकाश यावं.
हे आलं पाण्यासारखं, घाईघाईनं,
राखाडी, जळकट.
बोटांत चोळलं तर चमचमलं.
अठरा उन्हाळ्यांची झीज,
पिठाहून बारीक.
रात्रभर ठिबकत राहिलं.
कॅनवर फेंगनं खडूनं लिहिलं: दूध नाही.

सकाळी नवं घातलं, जाड, सोनेरी,
जेमतेम दोन लिटर.
"एवढंसंच?" तो म्हणाला. "एवढं तेल टेकडी चढवतं?"
मी म्हटलं, पुस्तकात तरी तसं आहे.
पुस्तकात हेही होतं की
चाकं हवेत ठेवून, बगलेचा दांडा ओढून,
हळू पुढे, हळू मागे, पाच-सहा वेळा,
आतली हवा निघेपर्यंत घाई करायची नाही.
ती गुडगुडत निघाली.
जेवणानंतर माणसाची निघते तशी.
आम्ही दोघंही हसलो नाही,
मग हसलो.

सोमवारी मुद्दाम खालूनच सुरुवात केली.
वीस मिनिटं. तीस.
गुनारला वळसा.
ऊन चढलं, हुडावर हात ठेववेना.
मग चढाकडे तोंड केलं.
नव्यासारखं नाही, थोडं कण्हत,
पण गेलं,
गवत दोन्ही बाजूंना आडवं पाडत,
बिनछपराच्या झोपड्यांत मेलेले लाकूडतोडे,
नाव ठेवायच्या आधीच गेलेलं एक बाळ,
व्हर्ला, माझी बहीण, जी चर्चवर रुसून गेली
आणि शेवटी चर्चलाच आणावी लागली,
हे सगळे एकेक करून वर आले.

व्हर्लाच्या शेजारी एक जागा रिकामी आहे.
चौऱ्याण्णवची पावती माझ्या ड्रॉवरमध्ये,
तीनशे डॉलर रोख.
तिच्यावरून दोनदा फिरवलं, एकदा आडवं.

मग तिथंच, चढावर,
पॅडलवरचा पाय उचलला.
थांबलं.
मागे घरंगळलं नाही.