दोनदा आलेला तास

आठवड्यातले चार दिवस मी नोकर, बुधवारी विद्यार्थिनी.
बुधवारी कुणी विचारत नाही, काल काय मोडलंस.
बाकी दिवशी कुणी विचारत नाही, काल काय शिकलीस.
गळ्यात दोन ओळखपत्रं, फोटो दोन्हींवर एकच:
सतरा वर्षांची मी, कपाळावर आखूड केस,
चोरी करताना सापडल्यासारखी.

हल शहरात, जुन्या मासळीच्या गोदामावर आमचं ऑफिस.
पाऊस झाला की भिंती अजून वास सोडतात.
आम्ही इस्पितळांच्या चादरी मोजतो.
म्हणजे प्रोग्राम मोजतो.
प्रत्येकीच्या शिवणीत तांदळाएवढी चिप,
किती धुतल्या, किती हरवल्या,
कुठल्या वॉर्डातून कधी परतल्या.
कोण झोपलं होतं, हे रकान्यात नसतं.

माझ्या वर्गातली इमोजेन कर्ज काढून तत्त्वज्ञान शिकते,
पहाटे तीनला फोटो टाकते, डोक्यावर कुणाची तरी टोपी.
मलाही तीनला जाग असते. बिल्ड तुटलेला असतो.
हेवा वाटतो का? वाटतो.
पगाराच्या दिवशी जरा कमी.

पहिला महिना तादेउशनं एकच काम दिलं: वाच.
माझ्या धाकट्या भावाएवढ्या वयाचा कोड.
एका जागी कुणी पिकरिंग लिहून गेलेला,
"ही ओळ का आहे विचारू नका. काढूही नका."
मी विचारलं नाही.
काढली.

सगळ्या चाचण्या हिरव्या. जून गेला, सप्टेंबर गेला.
मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार,
या देशात त्या रात्री घड्याळं मागे सरकतात,
दोन वाजायच्या ऐवजी पुन्हा एक वाजतो
आणि तोच तास परत येतो,
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा.
सोमवारी सकाळी नऊ इस्पितळांत
चार हजार चादरी जास्त, कुणीही न विणलेल्या.

तादेउश रागावला असता तर बरं झालं असतं.
त्यानं खुर्ची ओढली. "आधी चहा, मग लाज."
मग पावतीच्या पाठीवर एक रेघ ओढली,
कागद एका जागी दुमडला,
आणि घडीवर बोट ठेवून म्हणाला,
"इथे तुझा प्रोग्राम दोनदा चालला."

घरी आई बूट घालत होती, रात्रपाळीचे, जाड तळव्यांचे.
तिला सांगितलं.
ती हसली, इतकी की नाडी हातातून सुटली.
"तो तास? ओळखते मी त्याला.
दर वर्षी वॉर्डात भेटतो.
नऊ तास उभ्या असतो आम्ही, पगार आठाचा."
आणि मार्चमध्ये, तास गळतो तेव्हा?
"मार्चमध्ये त्या रविवारी माझी पाळी लागतच नाही.
यादी कोण करतं, देव जाणे."
यादी प्रोग्राम करतो. आमचा नाही, पण कुणाचा तरी.
मी हे बोलले नाही. नाडी बांधून दिली.

बुधवारी फॉर्म भरायचा होता:
या आठवड्यात शिकण्यात किती तास गेले?
रकाना फक्त पूर्णांक घेतो.
मी एक लिहिला, पुसला,
पुन्हा एक लिहिला.

गुरुवारी ती ओळ परत ठेवली, जिथे होती तिथेच.
पिकरिंगचं वाक्य काढलं, खाली माझं लिहिलं:
"ऑक्टोबरात एक तास दोनदा येतो.
दोन्ही वेळा माणसं कामावर असतात."

तादेउशनं तपासलं. एकच सूचना केली:
"'माणसं'ऐवजी 'नोंदी' लिही, नेमकं होईल."
मी बदललं नाही.
दुपारभर काही उत्तर नाही.
पाच वाजता, कोट चढवता चढवता,
त्यानं ते मंजूर केलं.