चुरचुर

साकोलीच्या बाजारातल्या त्या ट्यूबवर
गुलाब छापला होता, नवरी छापली होती,
आत काय आहे, तेवढंच छापलं नव्हतं.

"चुरचुरलं तं समज, लागू पडते."
मीच म्हणाले हे,
लांजेवारांच्या मृणालीला,
माझ्या पार्लरच्या एकुलत्या खुर्चीत.
कूलरचे शिंतोडे तिच्या मानेवर उडत होते
आणि ती डोळे मिटून
शहाण्या पोरीसारखी सोसत होती.

दीड महिना गाल काचेसारखे.
तिच्या मामेबहिणी माझा नंबर मागू लागल्या.
मग ट्यूब संपली.
विकणारा पुढच्या बाजाराला आलाच नाही.

मृणाली आली दुपट्टा बांधून.
मे महिन्यात इथं सगळ्याच बांधतात,
मला काही वाटलं नाही.
तिनं गाठ सोडली.
पळस आठवायची ती वेळ नव्हती,
पण आठवला.

उपकेंद्रातल्या टेंभुर्णे सिस्टरनं
ट्यूब उलटीपालटी करून पाहिली.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"हे औषध आहे वं, पावडर नाही."
तालुक्याच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली.
तोवर हळद बंद, लिंबू बंद, बेसन बंद,
कोरफडही राहू दे कुंडीतच.
साधं पाणी, साधं व्हॅसलिन, घासायचं नाही.
"आधी वाढन, मंग कमी होईन.
वाढलं म्हणून परत थेच लावू नको."

रात्री दीडला फोन यायचा:
"मावशी, एकदाच लावू का?"
ओला पंचा ठेव, म्हणायची मी,
आणि बोलत राहायची.
त्यांच्या म्हशीबद्दल, बारावीच्या निकालाबद्दल,
टेंभुर्णे सिस्टरच्या स्कूटीबद्दल,
तिकडून घोरणं ऐकू येईपर्यंत.

आता नवीन बाटली आली की
आधी माझ्या कोपराच्या आत, टिकलीएवढी.
दोन दिवस थांबते.
मग गिऱ्हाइकाच्या कोपराला, पुन्हा दोन दिवस.
"लग्न उद्याच आहे नं मावशी!"
मंग आज काहीच नको, बाई.
त्या हसतात. एक-दोघी लाखनीला जातात.

मृणालीच्या डाव्या गालावर
अजून चार आण्याएवढं लाल आहे.
संध्याकाळी ती दुपट्ट्याशिवाय दळण घेऊन जाते.

पाटीवरचं "गोरेपणा" मी रॉकेलनं पुसलं.
तिरपं ऊन पडलं की
वेलांटी दिसतेच.