तीनशे तेरा

आमच्या ऑसलरिगला मंगळवारी बस येते,
तीही धुकं नसेल तर. धुकं असतंच.
वेशीवर माझी पाटी: गावाचं नाव,
खाली लोकसंख्या, लोखंडी आकडे खिळ्यांनी ठोकलेले,
तीन, एक, तीन.
ठोकले आजोबांनी. पुसतो मी.
पगार वर्षाला अकरा पौंड आणि नाताळात एक बदक.

नवा आकडा घडवायचा तर लोहार हवा.
लोहार होता; एक बाळंतपण झालं
आणि तो जास्तीचा ठरला.
तेव्हा कौन्सिलने ठराव केला, एकमताने, चहाच्या आधी,
की आकडे बदलणं परवडत नाही,
माणसं बदलावीत.

तशी अडचण काही नाही.
डोरीन सग्डेनला जुळं झालं त्या रात्री
पबमध्ये काड्या काढल्या.
एक आखूड काडी म्हाताऱ्या हेस्केथची,
तो बिचारा समजूतदार, पहाटेच आटोपला.
दुसरी माझ्या भावाची.
विल्फ आता पाटीच्या पलीकडे, बसथांब्यात राहतो.
बारा वर्षं झाली. वहिनी त्याला रोज
लांब दांड्याच्या पळीने मटार भरवते,
पाय मात्र अलीकडे ठेवून.
पाऊस असला की मटारचं सूप होतं.

मरणाऱ्यांचं जरा नाजूक.
बदली मूल जन्मेपर्यंत इथे कुणी मेलेलं चालत नाही.
मिस्टर मर्गाट्रॉइड नोव्हेंबरात गेले
आणि अजून पोस्टाच्या खिडकीत बसतात.
तिकिटाला थुंकी आता ज्याची त्याने लावायची,
बाकी रांग पूर्वीपेक्षा भराभर सरकते.
उन्हाळ्यात तेवढी खिडकी उघडी ठेवतात.

आणि मिस थर्झा एन्टविसल, पियानोवाल्या.
हस्तिदंत मिळेना, म्हणून पट्ट्या
दातांच्या डॉक्टर ऑग्डेननी बसवून दिल्या:
पांढऱ्या, शाळेतल्या मुलांच्या,
काळ्या, आम्हा पाइप ओढणाऱ्यांच्या.
रविवारी चर्चमध्ये त्या वाजवायला लागल्या
की मधल्या सप्तकात कुठेतरी माझी दाढ असते.
ओळखू येते मला.
अजून ठणकते.

तर परवा, धुक्यातच,
टर्की नेणारा एक ट्रक पाटीला घासून गेला.
सकाळी बघतो तो पहिला तीन गायब.
तीन गेला, तेरा उरले.

सगळं गाव जमलं, टोप्या काढून.
आरडाओरडा नाही, आम्ही तसले नाही.
पाद्री म्हणाले, पाटीवर असेल ते खरं,
आजवर तसंच चालत आलंय.
मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं
अगदी सभ्यपणे,
बशीतल्या शेवटच्या बिस्किटाकडे पाहावं तसं.
मिसेस क्लेगनी बोटांवर मोजायला घेतलं,
सुरुवात स्वतःपासून.
पलीकडे विल्फ उठला,
बाकावरची ओली वर्तमानपत्रं गोळा केली
आणि जागा करू लागला.

तीन माझ्या कोटाच्या खिशात आहे.
गटारात सापडला, जरासा वाकलाय,
चालताना मांडीला टोचतो.
ठोकणार आहे हो मी. हातोडी आहे, खिळेही आहेत.
पण चाळीस वर्षांत माझ्या दाराची कडी
वाऱ्याशिवाय कुणी वाजवली नव्हती,
आणि आता रोज कुणीतरी केक घेऊन येतं,
माझ्या गुडघ्याची चौकशी करतं,
जाता जाता विचारतं,
'मग सिरिल, पाटीचं काय मनात आहे?'
मी म्हणतो, बघू. धुकं तरी विरू दे.

काल रात्री स्वतः मिस एन्टविसल आल्या.
लिंबाचा केक, उबदार, मऊ.
दुसऱ्या घासाला एक दात लागला.

माझा नव्हता.