चुन्याखाली

'हार्को टेंसिंग, दोन दिवस, चुना पाच पोती,
वर बीअर.'
चर्चच्या जमाखर्चात एवढीच नोंद, सन पंधराशे पंच्याण्णव.
पोराला खांद्यावर घेऊन नदी उतरणारा संत
पुसल्याची नोंद नाही.

ग्रोनिंगनच्या उत्तरेला, समुद्रापेक्षा खोल गावात,
परांचीवर उताणी पडून
सर्जनच्या सुरीने मी तो चुना खरवडते आहे.
दिवसाला तळहाताएवढा संत.
आधी टाच निघाली, मग पाणी,
पाण्यात चक्क एक वाम,
मग खांद्यावरून लोंबणारं चिमुकलं पाऊल.

हार्कोने पाट्या टाकल्या नाहीत.
तीन हात दिलेत. कोपऱ्यांतसुद्धा.
म्हणजे पटलं असेल त्याला
की देव डोळ्यांत मावत नाही, कानांतून येतो,
रंगवलेलं तोंड त्याचं नव्हेच.
किंवा पटलं नसेल,
आणि म्हणूनच कोपऱ्यांतसुद्धा.

भिंत कोरी झाली
आणि बघायला काही उरलं नाही, तेव्हा
माणसं आत बघू लागली.
माझे वडील रोज रात्री वहीत स्वतःला टिपून ठेवत:
'गर्व, दुपारी.'
'वेळ वाया, वीस मिनिटं, कुंपणाशी.'
इथे पुण्य जमेला धरत नाहीत, कृपा मागून मिळत नाही,
तरी खर्चाची बाजू रोज लिहायची.

गोठ्याचा विमा त्यांनी उतरवला नाही.
वीज ज्याने पाठवायची, त्याच्याशी सौदा कसला?
त्याने पाठवली.
सदतीस गाई.
सकाळी राखेत उभे राहून म्हणाले,
विचारून करत असता तर तो देव कसला.

मी अकरा वर्षांची. मला एवढंच विचारायचं होतं,
यादीत मी आहे का?
म्हणाले, यादी जगाच्या आधीच लिहून झाली.
मग मी चांगलं का वागू?
त्यांनी बंधाऱ्याच्या झडपेकडे बोट केलं.
ओहोटी लागली की ती उघडते,
पाणी समुद्राला जातं.
पाण्याला वाटतं, आपणच निघालो.
ते पाण्याला हसत होते
की पाण्याची कीव करत होते,
मला अजून कळलेलं नाही.

देव मी एकोणिसाव्या वर्षी सोडला, स्टेशनवर,
छत्री विसरावी तसा.
वही सुटली नाही.
आता ती फोनमध्ये आहे: पावलं, झोप, खरवडलेले चौरस सेंटिमीटर.
रविवारी रिकामी बसले की कुणीतरी आतून खाकरतं.
पण मागच्या महिन्यात संस्थेच्या साहेबाने
अहवालातली एक ओळ बदलायला सांगितली
आणि मी तोंडावर 'नाही' म्हणाले,
गुडघे थरथरत असताना,
ते बळही ह्याच कोऱ्या भिंतीचं असावं.
मधे कुणी नको. संत नको, पाद्री नको, साहेब नको.
जे आहे ते आपलं आपण, सरळ वरच्याला.
वर कुणी नसलं तरी.

प्रयोगशाळेचा कागद आलाय.
चुन्याने रंग राखला.
खाडीपलीकडच्या गावात हार्को पोचलाच नाही,
तिथल्या भिंतीवरचे संत मेणबत्तीच्या काजळीने
आणि समुद्राच्या ओलीने
केव्हाच गेले.
आता कुणी कुणाला चुना लावला म्हणायचा, हार्को?

पोराच्या चेहऱ्यावर मात्र थर जाड आहे,
बाकीच्या दुप्पट.
राग होता? की थंडीत
निजलेल्यावर घालतात तसं काही?
कडेला अंगठ्याचा ठसा आहे, ब्रशचा नाही.

उद्या तिथे सुरी लावायची.
आज दिवा मालवते, वीस मिनिटं लवकर,
आणि हे
कुठेच लिहीत नाही.