सतरा वेळा मेलेला देल्फिन

जत्रेच्या तिसऱ्या रात्री बास्केटबॉलच्या मैदानात
दोन चादरी शिवून पडदा होतो.
शिवण नेमकी नायकाच्या नाकावरून जाते,
अभिनयात त्याने काही फरक पडत नाही.
मशीन मी चालवते. आधी बाप चालवायचा.
आणि सिनेमा एकच, दरवर्षी तोच :
'पोलादी गरुड, भाग तिसरा'.

पहिला आणि दुसरा कुणी काढलाच नाही.
निर्माता म्हणे, तिसरा म्हटलं की लोकांना वाटतं
आधीचे दोन धो धो चालले असणार.

नायक परदेशातून आणलेला, तिथे गालिचे विकायचा.
आधी त्याचे ओठ मिटतात, मग वाक्य येतं,
वीज चमकून गेल्यावर गडगडाट यावा तसं.
त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या शाळेतली पोरं मोजतात :
यंदा चारशे बारा, एकदाही न भरता.
शर्ट ओढ्यात फाटतो, झाडामागे शिवला जातो,
टेकडीवर नव्या उमेदीने पुन्हा फाटतो.
बॉम्बचं घड्याळ दहा, नऊ, सात, आठ असं उतरतं
आणि शास्त्रज्ञबाई (चष्म्याला काचा नाहीत)
केसातली पिन काढून जग वाचवते.
मग ती जीप! रीळ उलटं जोडलंय त्या जागी,
म्हणून दरीतली आग गिळत गिळत जीप वर येते,
चार चाकांवर नीट उभी राहते,
आणि सगळा लागुना प्रांत ऐकेल अशी शिट्टी पडते.

मनिलाची कॉलेजातली पोरं आली होती गेल्या साली,
पोट धरधरून हसली. हसू द्या.
वाईट आहेच सिनेमा, मी कुठे नाही म्हणते?
पण त्या वाईटात आमची नदी आहे, आमची रेडी आहे,
आणि आमचा देल्फिन मागसिनो आहे,
जो त्यात सतरा वेळा मरतो.

पहारेकरी म्हणून मरतो, दरोडेखोर म्हणून मरतो,
दाढी लावून मरतो, दाढी पडल्यावरही मरतो.
एकदा तर नदीच्या अलीकडून गोळी झाडणारा तोच
आणि पलीकडे छाती धरून कोसळणाराही तोच.
साधं मरण पंधरा पेसो, झाडावरून पडून पंचवीस,
जळून मेलं तर पन्नास, वर भात आणि मासा.
बायको ओरडायची, तेव्हा हा म्हणायचा,
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.
घरावरचा पत्रा त्या मरणांचाच. अजून गळत नाही.

आता एक्क्याऐंशीचा. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो,
गाव एका सुरात मोजतं, "नऊ! दहा! अकरा!"
आणि हा मान हलवतो : "अकरावं फसलं. पापणी हलली."
सतरावं झालं की काठी उचलून घरी.
शेवट त्याने कधी पाहिलाच नव्हता.
मनिलाच्या पोरांनी विचारलं, आजोबा, गोष्ट काय आहे हो?
"मला काय ठाऊक? मी दरवेळी आधीच मेलेलो."

यंदा नातीने, लुवाल्हातीने, काठीच लपवली.
बसला बिचारा कुरकुरत.
पडद्यावर धूर, सूर्यास्त, प्रेतांचा खच,
मधोमध नायक, डोळ्यांत ग्लिसरिनचा पूर,
आणि मागे, डाव्या कोपऱ्यात,
एक प्रेत हळूच हात उचलतं
आणि गालावरचा डास मारतं.

या डासासाठीच तर थांबतो आम्ही दरवर्षी!
फटाके फुटले, बाया ओरडल्या,
फादर साहेबांनी सोड्याची बाटली सांडली.
देल्फिन मात्र उभा राहिला.
पडद्याजवळ गेला, इतका जवळ
की त्या प्रेताची सावली आणि त्याची सावली
एकाच चादरीवर पडली.
मी मशीन थांबवलं. पहिल्यांदाच.

म्हातारा वळला. रागाने थरथरत होता.
"हा मी आहे," म्हणाला. "हे अठरावं.
याचे पंधरा पेसो
मला अजून कुणी दिलेले नाहीत."