डाव

चुन्याची फक्की संपली होती,
म्हणून खिचडीच्या चुलीतली राख आणून
मी अंगणात एकमेकांना चिकटलेले दोन गोल काढले.
एकात लिहिलं मेनी, दुसऱ्यात मच.
मी शब्द टाकीन, तुम्ही उडी.
मोजता येतं ते इकडं, येत नाही ते तिकडं,
चुकेल तो कडुनिंबाखाली बसून
उरलेल्यांचे गुण लिहील.

बुक. मेनीत गर्दी.
वॉटर. मचमध्ये धूळ.
गोट म्हणताच खेमेश्वर बोपचे बें-बें करत निघाला,
त्याच्यामागे अख्खी सहावी.
इथवर इंग्रजी आमच्या बाजूनं होती.

मग मी म्हणाले, राइस.
सतराच्या सतरा मेनीत.
चूक तरी कुणाची?
तांदूळ निवडले, तांदूळ सरले, तांदूळ जुने झाले,
आमच्याकडं तांदूळ कधी एकटा आलाय?
पुस्तकात मात्र पोत्यांची थप्पी लागली तरी
राइस एकटाच, आणि त्याच्यापुढं इज.
सगळ्यांना बाद केलं
आणि लगेच परत घेतलं,
नाहीतर खेळणार कोण?

हेअर. पुन्हा तेच.
लोकेश्वरीनं वेणी पुढं ओढून विचारलं,
"बाई, केस मोजता येत नाई,
तं मंग उवा मोजता येते का?"
येतात, म्हटलं. उवा मेनी.
पोरं राखेत लोळली.

मनी म्हणाले तेव्हा कुणी हसलं नाही.
एकही पाय मचकडं वळला नाही.
"पैसे कसे मोजता येत नाई जी?
मा माय तं रोज तीनदा मोजते,
तितकेच निंगते."
मी म्हटलं, अरे, रुपये मोजतात, पैसा नाही.
खेमेश्वर म्हणाला, "रुपये म्हंजे पैसेच ना?"
मी शिट्टी वाजवली.

भुमेश्वरी मडावी तेव्हा फाटकातून आत आली.
मार्चमध्ये ती रोज उशिरा येते.
पहाटे तीनला टोपली घेऊन जंगलात,
मग घर, मग शाळा,
ओढणीला मोहाचा वास, बोटं चिकट.
तिलाही खेळता यावं म्हणून
मी तिच्यासाठी सोपा शब्द टाकला, मराठीतलाच:
मोहफूल.

ती मेनीत गेली. थांबली.
एक पाय उचलून मचमध्ये ठेवला.
राखेची रेघ दोन पायांच्या मधे.
"वेचतो तवा एकेक," ती म्हणाली,
"सुकले का पायलीनं.
दुकानदार तं तोलूनच घेते.
कवाचं इचारता, ते सांगा."

मी पान चाळीस उघडलं.
त्यात सफरचंदं होती, चीज होतं,
काचेच्या बरणीत जॅम होता.

तेवढ्यात सायत्राबाईनं परात वाजवली.
रांग लागली, रांगेखाली दोन्ही गोल पुसले गेले.
"किती घालू रे?"
"दोन डाव."
"मले एकच."
"अर्धा, पोट दुखते."
"सकाऊन काई खाल्लं नाई वाट्टे, घे, तीन डाव घे."
न मोजता येणारी खिचडी
ती मोजून वाढत होती, सतरा ताटांत,
आणि अ कप ऑफ, अ बॉटल ऑफ
मी पुढच्या सोमवारी घेणार होते,
तक्त्यासकट.

भुमेश्वरी ताट घेऊन भिंतीला टेकली,
चौथ्या घासाला झोपली.
हजेरीपटात या महिन्याचे उशीर एकोणीस.
ते मेनी.
स्लीप कुठल्या गोलात,
हे तिला उठवून विचारायचं मनात आलं होतं.
तिच्या मांडीवरचं ताट तेवढं
हळूच काढून बाजूला ठेवलं.

खेमेश्वर हात धुऊन आला, ओल्या पायांनी,
जिथं गोल होते तिथं उभा राहिला.
"बाई, होमवर्क कोन्या गोलात?"
मचमध्ये, म्हटलं.
"तरीच," तो म्हणाला, "तरीच सरत नाई."